सासऱ्यांची राहिलेली सतरा मिनिटं

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात काही अर्धवट सोडलं असेल, असं त्यांच्याकडे बघून वाटत नाही. एकाच खात्यात पस्तीस वर्षं नोकरी केली, पानात वाढलेलं कधी टाकलं नाही, आणि वर्तमानपत्र हातात घेतलं की शेवटच्या पानावरच्या निविदा सूचना वाचून होईपर्यंत ते खाली ठेवलं नाही. पण एक गोष्ट राहिली होती, आणि ती चव्वेचाळीस वर्षं त्यांना आतून कुरतडत होती. नागपूरला कॉलेजात असताना रविवारी सकाळच्या खेळाला पाहिलेल्या एका इंग्रजी सिनेमात खून कोणी केला, हे त्यांना माहीत नव्हतं.

सिनेमा विनोदी होता, हेरगिरीचा होता, आणि तेव्हाही जुनाच होता. शेवटी गुप्तहेर सगळ्या संशयितांना जेवायला बोलावतो, हातात पेला घेऊन उभा राहतो आणि म्हणतो, खुनी याच टेबलावर बसला आहे. तो नाव घेणार, इतक्यात सासऱ्यांच्या तोंडावर बॅटरीचा झोत पडला. त्यांचे वडील डोअरकीपरची बॅटरी मागून घेऊन एकेक रांग तपासत आले होते. सासऱ्यांनी घरी सांगितलं होतं की कॉलेजात जादा तास आहे. रविवारी! हेरगिरीचे सिनेमे बघणाऱ्या माणसाने निदान वार तरी बघायला हवा होता, असं मी एकदा म्हणालो, तर ते हसले नाहीत. कान धरून त्यांना बाहेर काढलं गेलं. पुढच्या रविवारी ते पुन्हा गेले, तोवर सिनेमा बदलला होता. नोकरी लागली, लग्न झालं, मुली झाल्या, मुलींची लग्नं झाली, त्यातली एक माझ्याशी झाली, पण खुनी काही सापडला नाही.

हे सगळं मला कळलं ते सासू-सासरे कॅनडात, टोरांटोजवळच्या एटोबिकोला आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आले तेव्हा. म्हणजे तसं मी ते आधीही सात-आठ वेळा ऐकलं होतं, पण आपण नोकरीत असतो तेव्हा सासऱ्यांचं बोलणं कानावर पडतं, आत जात नाही. त्या वर्षी मला आमच्या सॉफ्टवेअर कंपनीने दोन महिने जरा मोकळं ठेवलं होतं, आणि तेव्हा ते पहिल्यांदा आत गेलं. मी म्हणालो, बाबा, इथल्या लायब्ररीत सगळे जुने सिनेमे मिळतात. म्हणालो आणि विसरलो. फेब्रुवारी उलटला, परतीची तिकिटं दाराच्या मागच्या कॅलेंडरवर चिकटवली गेली, आणि सासरे एका सकाळी चहाचा कप फिरवत सहज म्हणाले, "जावईबापू, ते लायब्ररीचं राहूनच गेलं वाटतं."

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी त्याच दुपारी बर्फाच्या चिखलातून लायब्ररी गाठली. सिनेमा मिळाला. सगळ्या शाखांत मिळून दोनच प्रती होत्या, आणि दुसरी कुणीतरी नेलेली होती. डीव्हीडीवर चित्रबित्र काही नव्हतं. दोन्ही बाजूंनी नुसती चंदेरी चकती, मधल्या भोकाभोवती मुंगीएवढ्या अक्षरात नाव. ती मी छातीशी धरून घरी आणली. डब्बीसकट. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे डब्बीला महत्त्व आहे.

नव्वद मिनिटांचा सिनेमा आम्हाला पाच संध्याकाळी पुरला. संध्याकाळी सातला बसायचं, आणि साडेसातला सासऱ्यांची मान खाली यायची. शिवाय ते पडद्याखालचं प्रत्येक वाक्य आधी मोठ्याने वाचायचे आणि मग सासूबाईंना मराठीत सांगायचे. सासूबाई मेथी निवडत ऐकायच्या. त्यांना खुनात रस नव्हता, घरात होता. एवढ्या मोठ्या घरात झाडलोट कोण करतं, त्या बाईला मूलबाळ आहे की नाही, आणि हा गुप्तहेर बायकोला सतत बरोबर घेऊन हिंडतो तर स्वयंपाक कधी होतो, असे त्यांचे प्रश्न असायचे.

गोष्ट साधी होती. एका ऑपेरा गायिकेचा श्रीमंत नवरा पियानोपाशी मेलेला सापडतो. संशयित तिघं: मेलेल्याचा धाकटा भाऊ, पियानो शिकवणारी बाई आणि घरचा डॉक्टर. गुप्तहेर बुटका, टोपी त्याच्या डोक्यापेक्षा मोठी, आणि प्रत्येक अंदाज चुकीचा. पुरावे सापडतात ते त्याच्या बायकोला, आणि तेही पर्समध्ये रुमाल शोधताना. मला तो माणूस फार आवडला. बायकोचं म्हणणं पडलं की त्यात नवल काही नाही.

सासऱ्यांचा संशय चव्वेचाळीस वर्षांपूर्वी डॉक्टरवर होता आणि अजूनही तिथेच होता. "बघा, दर दोन मिनिटांनी चष्मा पुसतो," ते म्हणायचे. "मनाने स्वच्छ असलेल्या माणसाला काच इतकी पुसावी लागत नाही." सासूबाईंना हे पटत नसे. डॉक्टर कशाला मारेल, त्याचं पोटच पेशंटवर, असं त्या म्हणायच्या, आणि हा वाद त्यांच्या लग्नाइतकाच जुना होता. आमची तेरा वर्षांची कन्या बेसमेंटमधून पाणी प्यायला वर आली की उभ्या उभ्या म्हणायची, "आजोबा, आय कॅन जस्ट लुक इट अप." सासरे दोन्ही हात कानांवर ठेवायचे. नुसतं नाव त्यांना नको होतं. तो कसा पकडला जातो ते बघायचं होतं, आणि त्या टेबलावरून पुढे बघायचं होतं.

शुक्रवारी आम्ही त्या टेबलापर्यंत पोचलो. गुप्तहेराने पेला उचलला आणि मी पॉज केलं, कारण सासऱ्यांची मान खाली गेली होती. यंत्रावर आकडा दिसत होता: सतरा मिनिटं राहिलेली. विमान रविवारी दुपारी होतं. म्हणजे शनिवारी चहानंतर शेवट. माझ्या हिशेबात सगळं व्यवस्थित बसत होतं.

त्याच संध्याकाळी शेजारचे अंकल येऊन गेले. आमचं घर सेमी-डिटॅच्ड. पलीकडच्या अर्ध्यात वसईचे हे अंकल एकटे राहायचे. विमानतळावर कार्गोमध्ये आयुष्य काढून निवृत्त झालेले. डबा परत द्यायला यायचे, तो कधी रिकामा नसायचा, त्यामुळे आम्हालाही तो रिकामा परत देता यायचा नाही, आणि असे आमचे डबे सहा वर्षं कुंपणावरून ये-जा करत होते. सासरे जागे झाले होते. त्यांनी अंकलना ओट्यापाशी उभं करून पहिल्यापासून सगळा सिनेमा सांगितला: भाऊ, बाई, डॉक्टर, चष्मा, बॅटरी, कान. अंकल हातात डबा धरून पाऊण तास ऐकत होते. फार चांगला माणूस.

शनिवारी चार वाजता चहा झाला. सासरे इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर बसले. मी ऐटीत डब्बी उघडली. आत काही नव्हतं.

आता इथे कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता की अरे, माझ्याकडूनच कुठेतरी राहिली असेल. पण मी पाच दिवस हेरगिरीचा सिनेमा बघत होतो. माझ्या अंगात आलं होतं. मी सासऱ्यांना म्हणालो की बाबा, तुम्ही बसा, दोन तासांत छडा लावतो. बायकोच्या ऑफिसचा पिवळा पॅड घेतला आणि बेसमेंटपासून सुरुवात केली.

कन्येची जबानी थोडक्यात अशी: शुक्रवारी तिला तिच्या डान्स क्लासची डीव्हीडी लावायची होती, म्हणून यंत्रातली आमची मीच, म्हणजे तिच्या बापाने, काढली. पुढचं तिला माहीत नाही. मग तिने पॅडकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि "डॅड, आर यू ओके?" असं विचारलं. मी लिहून घेतलं: साक्षीदार उद्धट.

सासूबाई वर बॅग भरत होत्या. म्हणजे बाथरूमच्या वजनकाट्यावर बॅग उचलून उभ्या राहायच्या, मग नुसत्या उभ्या राहायच्या, आणि मग मनातल्या मनात वजाबाकी करायच्या. मी विचारलं, डीव्हीडी पाहिलीत का? त्या काट्यावरून न उतरता म्हणाल्या, ती काय, टीव्हीखाली. टीव्हीखाली यंत्र होतं. मी लिहिलं: साक्षीदार गोंधळलेला.

बायको मसालेभाताची तयारी करत होती. तिने माझा प्रश्न पुरा होऊ दिला नाही. काढल्यावर तू ती कुठे ठेवलीस, एवढंच विचारलं. मी म्हणालो, डब्बीत. ती म्हणाली, मग डब्बीत का नाही? हे मी लिहून घेतलं नाही, कारण तपास करणाऱ्याचीच उलटतपासणी घ्यायची पद्धत नसते.

आणि तेवढ्यात मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून पुरावा दिसला.

अंकलच्या मागच्या अंगणात आंबट चेरीचं झाड आहे. पाखरांनी चेऱ्या खाऊ नयेत म्हणून ते त्याला जुन्या सीड्या दोऱ्याने टांगून ठेवतात. हिवाळ्यातही काढत नाहीत. सूर्य कलला होता, वारा होता, आणि पानं नसलेल्या त्या झाडावर वीस-पंचवीस चंदेरी चकत्या फिरत होत्या. त्यातली एक मला बाकीच्यांपेक्षा नवी वाटली. अंकल शुक्रवारी आमच्या ओट्यापाशी पाऊण तास उभे होते. झालं!

मी बायकोला हळूच सांगितलं की अंकलना जेवायला बोलाव. तिने कारण विचारलं. मी सांगितलं.

"तू अंकलना चोर म्हणणार आहेस?" ती म्हणाली. "घरी जेवायला बोलावून?"

"नाव घेणार नाही. नुसती नजर रोखणार. त्या सिनेमात तसंच करतात."

"त्या सिनेमात त्याचा प्रत्येक अंदाज चुकतो."

"शेवटचा चुकत नसेल ना," मी म्हणालो. शेवट मी पाहिला नव्हता, पण वादात असं चालतं.

अंकल साडेसहाला आले, हातात कटलेटांचा फॉइलचा ट्रे घेऊन. वाटेत गार झालीत, म्हणाले. वाट म्हणजे कुंपणाला वळसा, बारा पावलं, पण मार्च महिना होता. मी म्हणालो, द्या, मी गरम करतो. मनात मी माझं भाषण घोकत होतो. ओव्हनचं बटण चारशेवर फिरवलं, ट्रे वरच ठेवला, ओव्हन तापला की आत सारू म्हटलं, आणि बाहेर आलो.

आपल्या लोकांच्या घरी ओव्हन हे कपाट असतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. कढया, तवे, पोळपाट, दिवाळीतला चकलीचा सोऱ्या, सगळं आत. आमच्याकडे एकदा त्यात प्लास्टिकची परात भाजली गेली होती. तेव्हापासून ओव्हनच्या दारावर ‘आधी आत बघा’ अशी चिठ्ठी होती. माझ्या अक्षरात. बटण फिरवताना ती माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर असणार.

सगळे टेबलाशी बसले. सासरे, सासूबाई, बायको, कन्या, अंकल. भात वाढून झाला होता. मी जिंजर एलचा ग्लास घेऊन उभा राहिलो. सासऱ्यांचे डोळे चमकले, तेवढ्यासाठी तरी मला ते सगळं केल्यासारखं वाटलं.

"सतरा मिनिटं चोरीला गेली आहेत," मी म्हणालो, "आणि ती चोरणारा माणूस याच टेबलावर बसला आहे."

कन्येने कपाळ टेबलावर टेकवलं. अंकल हसले आणि कुणाकडे बघावं ते न कळून सगळ्यांकडे बघू लागले. मी नजर रोखायला सुरुवात केली. कुणाला तरी चेरी फार आवडतात, असं म्हणणार, तेवढ्यात सासूबाईंनी नाक वर केलं. काहीतरी जळतंय, त्या म्हणाल्या. मी म्हणालो, आई, एक मिनिट. मग छतावरचा स्मोक अलार्म किंचाळायला लागला.

पुढचं सगळं एकदमच झालं. बायकोने मागचं दार सताड उघडलं, अंकल खुर्चीवर चढून नॅपकिनने अलार्मला वारा घालायला लागले, कन्या कानात बोटं घालून "ओ माय गॉड, डॅड" म्हणत राहिली, आणि सासूबाईंनी ओव्हन उघडला. आत खालच्या जाळीवर स्टीलचं छोटं पातेलं होतं. त्यात दुधाचं करपून काय झालं होतं ते सांगत नाही. आणि पातेल्यावर, कडेने खाली झुकलेली, मधोमध आत बसलेली, तळताना फुगता फुगता बिनसलेल्या पापडासारखी ती होती.

"अग बाई," सासूबाई म्हणाल्या, "माझं झाकण."

त्याचं असं झालं होतं. प्रवासाला निघताना हातावर दही ठेवायचं, आणि ते घरचंच हवं. या थंडीत दही लागायला एक पूर्ण दिवस जातो, म्हणून शुक्रवारीच दुधाला विरजण लावून त्यांनी पातेलं ओव्हनमध्ये, आतला दिवा लावून ठेवलं होतं. दूध उघडं ठेवणं त्यांच्या रक्तात नाही. लहान झाकणं सगळी डब्यांबरोबर लोकांच्या घरी गेलेली. ओट्यावर एक चकती पडली होती, मापाची, स्वच्छ. मध्ये भोक होतं. इकडे झाकणांनाही वाफ जायची सोय करतात, एवढं त्यांच्या मनात आलं. आणि ओट्यावर ती कुणी ठेवली, तर डब्बी शोधण्याआधी ज्याला तहान लागली त्याने. पॅडवर ज्याची जबानी नव्हती त्याने.

म्हणजे हरवली मी, आणि सापडल्यावर भाजलीही मीच. कुठल्याही सिनेमातल्या गुप्तहेराने हे दोन्ही एकट्याने केलं असेल असं मला वाटत नाही.

सासऱ्यांनी ती चकती हातात घेतली. गार होऊ दिली. रुमालाने पुसली, दिव्यासमोर धरली, भोकाभोवतीचं नाव वाचलं. ते अजून वाचता येत होतं. मग ती ताटाशेजारी ठेवली. "असू दे," म्हणाले. "सिनेमाच तो." एवढंच. सासूबाई दोनदा म्हणाल्या की मला काय माहीत, आणि तिसऱ्यांदा म्हणत त्यांनी पातेलं सिंकमध्ये नेऊन ठेवलं. तुझी काय चूक, सासरे म्हणाले, आणि भाताकडे बघत राहिले. लायब्ररीची दुसरी प्रत यायला आठवडे लागणार होते. त्यांना वर्षाआड सुद्धा येणं जमेल असं नव्हतं, गुडघे बोलायला लागले होते. दहा मिनिटं झाली तरी त्यांच्या पानातला भात तसाच होता. अठरा वर्षांत मी ते पान तसं पाहिलं नव्हतं. मी अजून उभाच होतो, ग्लास हातात.

अलार्म केव्हाच थांबला होता; अंकल आता खुर्चीवरून उतरले. नॅपकिनची घडी घातली.

"दादा," ते म्हणाले, "हा पिक्चर मी पाहिलाय."

सासऱ्यांनी मान वर केली.

"काल तुम्ही सांगत होता तेव्हा बोललो नाही. म्हटलं उद्या बघणारच आहात, मजा कशाला घालवा. बांद्र्याला पाहिला होता. शेवटपर्यंत."

मग अंकलनी तो शेवट सांगितला. सांगितला म्हणजे काय, आमचं टेबल त्यांनी भिंतीकडे सरकवायला लावलं. सासूबाईंना गायिका केलं, बायकोला पियानोवाली बाई, कन्येला गुप्तहेराची बायको. ती कुरकुरत उठली आणि दोन मिनिटांत स्वतःची पर्स घेऊन आली. मला प्रेताचं काम मिळालं. शेवटच्या प्रसंगात प्रेत कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, सगळ्यांच्या लक्षात राहायला हवं ना कशासाठी जमलेत ते. मी कार्पेटवर आडवा झालो. तिथून मला खरं तर फक्त पाय दिसत होते, पण अंकलचे पाय कसे चालत होते! गुप्तहेर एकेका खुर्चीमागे थांबत होता. भाऊ घामाघूम होत होता. शेवटी गुप्तहेर पियानोपाशी बसतो आणि मेलेल्या माणसाची आवडती पट्टी दाबणार, इतक्यात पियानोवाली बाई ओरडते, नको! कारण त्या पट्टीला आतून तार बांधलेली, तार भिंतीवरच्या घड्याळात गेलेली, आणि घड्याळात पिस्तूल. बाई ओरडली म्हणजे तिला माहीत होतं. पकडली गेली.

बायकोने ओरडायचं काम इतकं मनापासून केलं की अलार्म पुन्हा सुरू झाल्यासारखं वाटलं.

सासऱ्यांनी ती वाकडी चकती उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे डॉक्टर नव्हता."

"डॉक्टर साधा माणूस हो. डोळे अधू त्याचे."

"चव्वेचाळीस वर्षं," सासरे म्हणाले, "मी त्या माणसाबद्दल काय काय बोललो." सासूबाई विजयाने काही म्हणणार होत्या, पण करपलेलं पातेलं अजून सिंकमध्ये होतं, म्हणून गप्प राहिल्या. सासऱ्यांनी खुर्ची टेबलाशी ओढली आणि गार मसालेभात जेवायला सुरुवात केली. दोनदा मागून घेतला. कटलेटं आम्ही गारच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी निघताना दही नव्हतं. फ्रिजमध्ये कन्येचं व्हॅनिला योगर्ट होतं, तेच बायकोने दोघांच्या तळहातांवर ठेवलं. सासूबाईंनी ते चाटून तोंड कसंनुसं केलं आणि विमान वेळेवर सुटेल तर खरं, असं म्हणाल्या. बॅगा फार म्हणून अंकलही त्यांची गाडी घेऊन विमानतळावर आले. सासऱ्यांनी सिक्युरिटीच्या रांगेतून मागे वळून मला हात केला आणि अंकलना नमस्कार केला.

लायब्ररीतल्या बाईंपुढे ती वाकडी चकती ठेवून मी खरं ते सांगितलं, की ही दह्यावर झाकली होती. त्यांनी ती उलटसुलट बघितली, आणखी काही विचारायचं टाळलं आणि दुसऱ्या प्रतीसाठी माझं नाव लावून दिलं. तीन आठवड्यांनी ती आली. एका रविवारी सकाळीच मी अंकलना बोलावलं, म्हटलं, तुमच्यासोबत पुन्हा बघू. ते जरा का कू करत होते. बायकोने त्यांना शेंगदाण्यांची वाटी देऊन सोफ्यावर बसवलं. मी सरळ टेबलापाशीच सिनेमा आणला. गुप्तहेराने पेला उचलला.

घड्याळ नव्हतं. तार नव्हती. पियानोवाली बाई शेवटपर्यंत सूप पीत होती. खुनी डॉक्टर होता, आणि पकडला गेला तो चष्म्यामुळेच: पुसायला खिशातून जो रुमाल काढला तो मेलेल्या माणसाचा निघाला.

अंकल शेंगदाण्यांची सालं बोटाने चोळून फुंकत होते.

"बांद्र्याला वेगळा दाखवला असेल," मी म्हणालो.

"नाही रे," ते म्हणाले. "मी पाहिलाच नव्हता."

बायकोने टीव्हीचा आवाज बंद केला.

"त्यांनी भात खाल्ला नव्हता," अंकल म्हणाले. "आणि तू नुसता उभा होतास, ग्लास घेऊन. कुणीतरी काहीतरी करायला नको?" मग म्हणाले, "पण खरं सांग. रुमालापेक्षा माझी तार बरी होती की नाही?"

बरीच बरी होती. पण प्रश्न आता सासऱ्यांचा होता. ते बरोबर होते. चव्वेचाळीस वर्षं बरोबर होते, आणि आमच्या घरी येऊन चूक ठरून परत गेले होते. वर त्यांनी डॉक्टरची मनातल्या मनात माफीही मागितली असणार. अंकल म्हणाले, सांगून टाक, मी खोटं बोललो म्हणून सांग. बायकोने तोवर फोन कार्डाचे आकडे दाबायला घेतले होते. नागपूरला दिवे लागायची वेळ होती. सासऱ्यांनीच उचलला. फोन स्पीकरवर होता.

मी सांगितलं. सिनेमा आला, पाहिला, डॉक्टरच.

पलीकडे त्यांनी खुर्ची ओढून घेतल्याचं ऐकू आलं. मग आवाज आला, अगदी हळू.

"रुमालावरून पकडला का?"

"रुमाल," मी म्हणालो.

"हं." मग म्हणाले, "शेजारच्या अंकलना कळलं का हे?"

मी अंकलकडे बघितलं. ते वाटी हातात धरून ताठ बसले होते. मी म्हणालो, अजून नाही.

"नका सांगू," सासरे म्हणाले. "किती जीव ओतून सांगितलं त्यांनी. वय झालं की होतं हो असं, एका सिनेमाचं दुसऱ्यात जातं. वाईट वाटेल त्यांना. मी इथे बागेत सगळ्यांना पियानोचंच सांगितलंय, तेच राहू दे."

वय झालं म्हटल्यावर अंकलनी तोंड उघडलं होतं, कारण ते सासऱ्यांपेक्षा चार वर्षांनी लहान. बायकोने त्यांच्या दंडावर हात ठेवला. त्यांनी तोंड मिटलं, चष्मा काढला आणि बनियनच्या काठाने पुसायला लागले.

"आता जरा नीट सांगा," सासरे म्हणाले. "पेला उचलल्यापासून. ही देवळात गेलीय, तोवर होईल. सावकाश सांगा, कार्ड संपलं तर मी इकडून लावतो."